लॅपटॉप नसताना एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स : पुण्यातल्या आमच्या लॅबबद्दल

मी एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. असाइनमेंट, प्रोजेक्ट, प्लेसमेंटची तयारी, सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये बसूनच चालतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त लॅबचा आहे. शिकवणं कसं, फी किती, पॅकेज किती यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. लॅबबद्दल मात्र 'लॅब चांगली आहे' यापलीकडे कुणी काही लिहीत नाही, आणि प्रवेश घेताना मला नेमकं तेच हवं होतं.

बीएस्सी मी पुण्यातल्याच एका वेगळ्या कॉलेजातून केली. दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पहिल्या कॉलेजच्या लॅबबद्दल मला कडू लिहावं लागणार आहे, त्यामुळे नाव दोघांचंही घेत नाही. बार्शी, लातूर, परभणीकडून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना कुठलीही लॅब बघताना काय बघायचं हे कळलं, तर लिहिल्याचा उपयोग झाला.

आधी मशीनबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. आत्ताच्या कॉलेजात दोन लॅब आहेत. मोठ्या लॅबमध्ये बाराव्या पिढीचे आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी. छोट्या लॅबमध्ये चौथ्या पिढीचे आय-थ्री. हे जुने सीपीयू बघून पहिल्या दिवशी मुलांची तोंडं पडतात. पण त्यांत ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकलेली आहे आणि त्यांवर विंडोजऐवजी उबंटू हे फुकटचं लिनक्स चालतं. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. अशी मशीन पुण्यातल्या किती कॉलेजांत पडून असतील! आमच्याकडे ती भंगारात गेली नाहीत. सी, पायथन, डेटाबेस, शेल स्क्रिप्ट, वेब, एवढं सगळं त्यांवर व्यवस्थित होतं. फोनची अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ मात्र तिथे उघडूच नये. त्याला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, आणि वर एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) सुरू केला की माउससुद्धा हलत नाही. त्या प्रॅक्टिकलला मोठी लॅब देतात.

तर मशीन बरी आहेत, पण मी या लॅबला मनापासून चांगलं म्हणते ते मशीनमुळे नाही. इथे प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आहे, म्हणून म्हणते.

ज्यांच्याकडे लॅपटॉप असतो त्यांना हे किरकोळ वाटेल. बीएस्सीच्या कॉलेजात सगळ्यांसाठी एकच अकाउंट होतं. युजरनेम स्टुडंट, पासवर्डही स्टुडंट. डेस्कटॉपवर 'एसवाय बॅच बी' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर, आणि ते कुणीही उघडावं, कुणीही उडवावं. जागा ठरलेली नसायची. आज खिडकीजवळच्या मशीनवर केलेलं काम उद्या हवं असेल तर त्याच मशीनवर बसायला मिळालं पाहिजे, आणि तिथे आधीच दुसऱ्या बॅचचं कुणी बसलेलं. त्यात मशीन बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. व्हायरसपासून बचाव म्हणून ते ठीक आहे, पण सी ड्राइव्हवर सेव्ह केलेलं सगळं रीस्टार्टला जातं हे फर्स्ट इयरच्या मुलांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. गुरुवारी दुपारी वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि अख्ख्या बॅचचे लिंक्ड लिस्टचे प्रोग्रॅम गेले. जर्नलवर सही त्याच आठवड्यात हवी होती. मुली रडवेल्या झाल्या होत्या, आणि वर बोलणी बसली ती त्यांनाच : "पेनड्राइव्ह आणायला काय होतं?"

पेनड्राइव्ह आणला की काय होतं तेही सांगते. लॅबमधल्या एका मशीनला लागण झालेली असली की पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसतात. मग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला नेला की तो हात लावायला तयार होत नाही.

आत्ताच्या लॅबमध्ये रोल नंबर हे लॉगिन. कुठल्याही लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर बसा, आपलंच फोल्डर समोर येतं, कालची फाइल काल सोडली तशी. हे चालतं कसं ते लॅब इन-चार्ज सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं. सगळ्यांच्या लॉगिनची नोंद एका सर्व्हरवर असते, एलडॅप त्यावरून ओळख पटवतं. सगळ्यांची होम फोल्डरंही सर्व्हरवरच असतात आणि एनएफएस त्यातलं आपलं फोल्डर आपण बसलो त्या मशीनवर जोडून देतं. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये बनवलं. म्हणजे माझ्या आईच्या शाळेच्या काळातली ही गोष्ट, आणि लिनक्सवर ती फुकट मिळते. सर्व्हर म्हणून ठेवलेलं मशीनही काही भारी नाही, जुन्याच मशीनमध्ये दोन मोठ्या डिस्क टाकल्या आहेत आणि दोन्हींवर तोच डेटा लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी दुसरी असते. शिवाय रोज रात्री वेगळ्या मशीनवर बॅकअप निघतो. आमच्या वर्गातल्या एकाने टर्मिनलमध्ये भलत्याच फोल्डरवर डिलीटची कमांड चालवली आणि त्याचा प्रोजेक्ट गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं काढून दिलं. त्याचं एका दुपारचं काम गेलं, बाकी सेमिस्टर वाचलं.

प्रत्येकाला १० जीबी जागा मिळते. फोल्डर दुसऱ्याला उघडता येत नाही, परवानग्या मुळातच तशा लावलेल्या आहेत. त्यामुळे असाइनमेंटची चोरी थांबली असं म्हणणार नाही, पण आता मागून घ्यावी लागते, गुपचूप उचलता येत नाही.

या व्यवस्थेचा एक तोटाही आहे. सर्व्हर अडकला की दोन्ही लॅब अडकतात. गेल्या पावसाळ्यात सर्व्हर अचानक बंद पडला आणि सगळ्या मशीनचे पडदे होते तसे गोठले. कुणाची फाइल गेली नाही, पण दुपार वाया गेली, कारण सर रजेवर होते आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच. दुसरं माणूस तयार करायला हवं, हे मी फीडबॅक फॉर्मवरही लिहिलंय.

स्वतःच्या लॉगिनचं महत्त्व मला खरं पटलं ते गिटहबच्या, म्हणजे कोड ठेवायच्या साइटच्या, वेळी. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट गिटहबवर टाकायचा होता. कोड लिहिला, कमिट केला, पुश केला, म्हणजे साइटवर पाठवला, आणि 'परमिशन डिनाइड'. खाली युजरनेम कुणाचं, तर माझ्या आधी त्या मशीनवर बसलेल्या एका सीनियर मुलाचं. त्याचं टोकन (पासवर्डसारखी चालणारी खूण) विंडोजमध्ये सेव्ह राहिलेलं आणि अकाउंट सगळ्यांचं एकच, म्हणून मशीन मला तोच समजत होतं. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी साधा पासवर्ड घेणं बंद केलं, टोकन नाहीतर एसएसएच की (ओळख पटवणारी, किल्लीसारखी फाइल) लागते. ही टोकनं अशी सार्वजनिक मशीनवर राहिली तर काय होऊ शकतं याचा जरा विचार करा. माझ्या जागी खोडसाळ कुणी असतं, तर त्या मुलाच्या रिपॉझिटरीत हवं ते घालू शकलं असतं. कंट्रोल पॅनेलमधून सेव्ह केलेलं टोकन कसं काढायचं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. इथे पहिल्या सेमिस्टरलाच एक तास फक्त यावर झाला : आपली एसएसएच की आपल्याच होम फोल्डरमध्ये बनवायची, तिला पासफ्रेज घालायची आणि उठताना लॉगआउट करायचं. लॅबचे काकासुद्धा दारातून ओरडतात, "ताई, लॉगआउट केलंस का?"

काकांबद्दल पुढे लिहिते. आधी डेटाबेस.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर आहे, आणि ते फार चांगलं आहे, फुकट आहे आणि बाहेर कंपन्यांतही चालतं. पण लॅबमध्ये ते कसं बसवलंय यावर सगळं अवलंबून असतं. माझ्या आधीच्या कॉलेजात एका सर्व्हरवर सगळे जण 'पोस्टग्रेस' याच नावाच्या सुपरयुजरने (सगळं करायची मुभा असलेल्या अकाउंटने) जायचे, डेटाबेसही एकच. एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंट ही टेबलं प्रत्येक असाइनमेंटमध्ये असतातच. मी टेबल बनवायला जावं तर 'रिलेशन एम्प्लॉयी ऑलरेडी एक्झिस्ट्स'. मग मुलं काय करणार? आधीचं टेबल ड्रॉप करायचं आणि आपलं बनवायचं. शेजारच्या ओळीतून आवाज यायचा, "माझं टेबल कुठे गेलं?" असं करत करत डीबीएमएसचं एक अख्खं सेमिस्टर निघालं. ग्रँट आणि रिव्होक (कुणाला कशाची परवानगी द्यायची, कुणाची काढायची) आम्ही थिअरीत दहा मार्कांसाठी पाठ केलं, आणि त्याच लॅबमध्ये त्याची किती गरज होती हे दिसत असूनही कुणी वापरलं नाही. इथे प्रत्येकाच्या रोल नंबरचा वेगळा रोल (म्हणजे डेटाबेसचा युजर) आणि वेगळा डेटाबेस आहे. दुसऱ्याच्या डेटाबेसला कनेक्ट व्हायला गेलं की नकार मिळतो. तो नकार पहिल्यांदा बघितला आणि ग्रँट म्हणजे काय ते एका मिनिटात कळलं.

सी शिकवण्याचंही तसंच. आधीच्या ठिकाणी फर्स्ट इयरला डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालायचं. निळी स्क्रीन, क्लियरस्क्रीन, गेटसीएच. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम लिहिला. ७ चं उत्तर ५०४० बरोबर आलं. ८ चं आलं −२५२१६. माझा लूप तपासून तपासून मी थकले. लूप बरोबर होता. टर्बो सी हा १६ बिटच्या काळातला कम्पायलर, त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, ३२,७६७ च्या पुढे जात नाही, आणि ८ चं फॅक्टोरियल ४०,३२०. त्यातून ६५,५३६ वजा करा, तंतोतंत −२५२१६ येतात. "लाँग वापर," एवढंच उत्तर मिळालं होतं, का ते नाही. एमएस्सीच्या लॅबमध्ये सरांनी मुद्दाम हाच प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या कम्पायलरवर करायला लावला. तिथे इंट ३२ बिटचा, १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला बिघडतं. "का बिघडलं ते सांग, मग घरी जा," म्हणाले. सगळा वर्ग वह्या काढून दोनाचे घात मोजत बसला. चांगली लॅब म्हणजे मला हेच वाटतं, चूक कुठून आली तिथपर्यंत पोचायला वेळ आणि सोय मिळणं.

आता वेळ. लॅबचा वेळ हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि माहितीपत्रकात तो कधीच छापत नाहीत. आधीच्या कॉलेजात लॅब साडेदहा ते पाच. त्यात सगळ्या वर्षांच्या बॅच लागलेल्या, म्हणजे मोकळी लॅब जवळजवळ मिळायचीच नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो रूमवर जाऊन प्रोग्रॅम पूर्ण करायचा, आणि मी वहीत कोड लिहून ठेवायचे, पुढच्या प्रॅक्टिकलला टाइप करून बघायचं म्हणून. सदाशिव पेठेत पावला-पावलावर अभ्यासिका आहेत, पण तिथे खुर्ची, दिवा आणि वायफाय मिळतं, कॉम्प्युटर मिळत नाही. नेट कॅफे बहुतेक बंद झाले, जे उरलेत ते फॉर्म भरून देणारे. तिथे बसून पोस्टग्रेस कोण टाकू देणार?

आत्ताची छोटी लॅब सकाळी आठ ते रात्री आठ उघडी असते आणि दुपारनंतर तिथे एकही बॅच लावत नाहीत. दारात रजिस्टर आहे, त्यात नाव, मशीन नंबर, आल्याची-गेल्याची वेळ लिहायची. बस्स. प्राध्यापकांची चिठ्ठी नाही, एचओडींची सही नाही. हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं, त्यामुळे आठ ही वेळ आम्हा मुलींना बरोबर पडते. पीएमपीची बस वेळेवर आली नाही तरी पोचतो. परीक्षेच्या आधीच्या दिवसांत आठ वाजताही एक मशीन रिकामं नसतं.

लॅबचे काका माझ्या बाबांच्या वयाचे आहेत. ते इन-चार्ज नाहीत, असिस्टंटही नाहीत, हुद्दा शिपायाचा आहे. पण कुठल्या मशीनचा कीबोर्ड अडकतो, कुठलं मशीन दुसऱ्यांदा बटण दाबल्यावरच सुरू होतं, कुठली लॅन केबल दाबून बसवावी लागते, हे त्यांना तोंडपाठ. ते स्वतःची वही ठेवतात. बिघडलेल्या मशीनवर खडूने फुली मारतात, वहीत तारीख लिहितात, आणि दुरुस्त होईपर्यंत सरांच्या मागे लागतात. फुली मारलेलं मशीन आठवड्यापेक्षा जास्त तसंच राहिलेलं मी पाहिलेलं नाही. या माणसाचं नाव कॉलेजच्या कुठल्याच पत्रकात येणार नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते : ही लॅब चालते ती सरांच्या सर्व्हरवर आणि काकांच्या वहीवर.

चपला बाहेर काढाव्या लागतात. पावसाळ्यात ओले मोजे आणि एसीची गार फरशी, पाय बधिर होतात. स्वतःचे कोरडे मोजे बॅगेत ठेवा. खुर्च्या ठीकठाक, दोन मशीनमध्ये वही ठेवण्याइतकी जागा आहे. मुलींचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे आणि स्वच्छ असतं. संध्याकाळी उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलीसाठी ही गोष्ट रॅमइतकीच महत्त्वाची आहे, त्यामुळे लॅब बघायला जाल तेव्हा हेही बघा.

प्रॅक्टिकल परीक्षेबद्दल थोडं. स्लिप हातात पडली की त्यावरचे प्रोग्रॅम ठरलेल्या वेळेत करून एक्सटर्नलना आउटपुट दाखवायचं. बीएस्सीच्या एका परीक्षेत माझ्या मशीनवर पोस्टग्रेसची सर्व्हिसच सुरू होईना. 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. क्वेरी मला येत होत्या, पण चालवायच्या कुठे? मशीन बदलून मिळेपर्यंत बराच वेळ गेला आणि एक्सटर्नल मॅडम भल्या होत्या म्हणून वाढवून मिळाला. इथे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सर आणि काका एकेका मशीनवर लॉगिन करून कम्पायलर चालतो का, डेटाबेस लागतो का, हे बघतात आणि काही मशीन राखीव ठेवतात. परीक्षेसाठी वेगळं लॉगिन देतात, त्यात नेट बंद असतं. सबमिट केलेलं सर्व्हरवर जातं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी धास्ती नाही. यूपीएसच्या बॅटऱ्याही बदलतात. त्या वेळेवर बदलणं ही साधी गोष्ट आहे, पण ती किती ठिकाणी होत नाही हे मी अनुभवलंय.

आता ज्या गोष्टी मला आवडत नाहीत, त्या.

नेट. छोट्या लॅबचा स्विच अजून १०० एमबीपीएसचा आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, तेही बाहेरून येणारं सगळ्यांत मिळून. तीस जणांनी एकाच वेळी काही उतरवायला घेतलं तर एकाच्या वाट्याला अर्धा एमबीही येत नाही. पायथनची पॅकेजं किंवा नोडची मॉड्यूलं सगळे एकाच प्रॅक्टिकलला उतरवायला लागले की चाक फिरत राहतं. उबंटूच्या अपडेटसाठी सरांनी लॅबमध्येच कॅशे ठेवलाय, पहिल्याने उतरवलेलं बाकीच्यांना आतल्या आत मिळतं. तसंच पायथन आणि नोडचंही करता येतं. झालं पाहिजे.

फायरवॉल. सोशल मीडिया बंद आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या जाळ्यात कामाच्या साइटही अडकतात. एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट बंद असल्यामुळे सुरुवातीला गिटहबला पुश होत नव्हतं. गिटहब एसएसएचसाठी ४४३ पोर्टही देतं, एका सीनियर ताईने कॉन्फिगमध्ये दोन ओळी घालून दाखवल्या आणि काम झालं. हे प्रत्येक नव्या बॅचने स्वतः शोधून काढायचं का? दारावर एक कागद चिकटवला तरी पुरे.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे जीपीयू, मशीन लर्निंगची जड गणितं झपाट्याने करणारा प्रोसेसर. मशीन लर्निंगचा पेपर आहे, प्रोजेक्टही बहुतेकांचे त्यातलेच, आणि जीपीयू असलेलं मशीन अख्ख्या विभागात एक. नंबर लावावा लागतो, तो प्रोजेक्टच्या ग्रुपला मिळतो, एकट्याला नाही. बाकीचे गूगल कोलॅबवर, म्हणजे नेटवरून गूगलच्या मशीनवर. फुकटच्या कोलॅबचं सत्र फार तर १२ तास चालतं, मध्ये हात हलवला नाही तर त्याआधीच तुटतं, आणि जीपीयू मिळेलच याची खात्री नसते. ज्या पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला, त्याच शहरात आम्ही मॉडेल अर्ध्यात तुटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून चालवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. लगेच दहा जीपीयू घ्या असं मी म्हणत नाही. पण आहे त्या एका मशीनवर कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर टाकलं, तर रात्री आठनंतर ते रिकामं पडणार नाही. आपण काम टाकून हॉस्टेलला जायचं, सकाळी निकाल बघायचा. इतक्या मोठ्या महासंगणकांवरही कामं अशी रांगेतच लागतात.

लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट फक्त स्टाफसाठी. आमच्या वर्गात एकाला चालायला त्रास होतो. त्याला लिफ्टची परवानगी मिळाली, पण अर्ज करून. अर्ज का करावा लागावा?

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट इथे छान आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी वगैरे विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत आणि त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत. सरांनी ते लॅबच्या सर्व्हरवर उतरवून ठेवलेत, नेट नसलं तरी बघता येतात. हेडफोन स्वतःचे आणावे लागतात. मी बीएस्सीला आले तेव्हा टर्मिनल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं आणि इंग्रजीत विचारायची भीती वाटायची. तेव्हा हे कुणी दाखवलं असतं तर पहिलं वर्ष इतकं जड गेलं नसतं. इथे फर्स्ट इयरची मुलं ते लावून बसतात, एका हेडफोनच्या दोन बाजू दोघींच्या कानात, आणि कमांड एकदम टाइप करतात. त्यांचे प्रश्न काय असतात हे मला आधीच माहीत असतं, म्हणून जवळ जाऊन बसते.

प्रवेशाच्या आधी लॅब दाखवतात तेव्हा मशीन मोजत बसू नका. एखाद्या शिकणाऱ्या मुलीला गाठून विचारा : तुझं लॉगिन वेगळं आहे का? कालची फाइल आज दुसऱ्या मशीनवर मिळते का? बॅच नसताना बसायला किती वाजेपर्यंत देतात? वीज गेल्यावर काय होतं? खरी उत्तरं तिच्याकडे मिळतात, गाइड म्हणून पाठवलेल्या सरांकडे नाही. आणि दोन-चार मशीनचे कीबोर्ड बघा. अक्षरं पुसलेली असली तर हरकत नाही, वापर होतोय असा त्याचा अर्थ. की उपटलेल्या असल्या आणि त्यावर धूळ असली, तर विचार करा.

माझ्याकडून या लॅबला पाचपैकी चार. एक जीपीयूसाठी कापला. लॅपटॉप घ्यायची ऐपत नसलेल्या मुलीला कॉम्प्युटर सायन्सची डिग्री इथे नीट घेता येते, आणि वर्गातल्या लॅपटॉपवाल्यांच्या बरोबरीने घेता येते. यासाठी मी या कॉलेजची, सरांची आणि काकांची ऋणी आहे.

रविवारी लॅब बंद असते. निदान दिवाळीनंतरच्या परीक्षेच्या काळात तरी ती अर्धा दिवस उघडी ठेवावी, असा अर्ज आम्ही हॉस्टेलच्या मुलींनी दिला आहे. काकांनी आठवड्यातली दुसरी सुट्टी मिळाली तर यायची तयारी दाखवली आहे, आता प्राचार्यांची सही बाकी आहे. मंजूर झाला की वेळ इथे लिहीन.